पाणी फुकट प्यायचं नाही

बाई, परवा रविवारी ठाण्याला दुपारचा प्रयोग होता आणि मध्यंतरात तुमचा तांब्या रिकामा सापडला. रंगमंचावरचं सामान लावतो तो आमचा माणूस तांब्या हातात घेऊन माझ्या खोलीत आला, दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "काका, तब्येत बरी आहे ना? नाही, म्हणजे मी हा काठोकाठ भरून ठेवलेला. मागच्या रविवारी पण असंच झालेलं, पण तेव्हा मला वाटलं गळतोय की काय." मी म्हटलं, उकडत होतं रे. तर म्हणतो, "एसी फुल होता काका. पुढच्या रांगेतल्या बायका पदर गुंडाळून बसलेल्या." तो तांब्या भरायला गेला आणि मी आरशासमोर बसून राहिलो. कारण पहिल्या अंकात मी पाण्याला हात लावल्याचं मला आठवत नव्हतं. एकदाही नाही. उलट, आज एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही, अशा समाधानात मी बसलो होतो.

रिकाम्या तांब्याचा अर्थ काय, हे तुम्हाला सांगायला नको. नियम तुमचाच. तरी मी सगळं पहिल्यापासून लिहिणार आहे, कारण हल्ली मी गोष्टी ओळीने मांडून बघतो. एखादी गळली तर निदान जागा दिसते. तर, वागळे इस्टेटमधला तो स्विचचा कारखाना, तुम्ही टाइम ऑफिसात, मी पॅकिंगला. पहिली पाळी सुटली की साडेतीनला कँटीनच्या शेडमध्ये तुम्ही बसवलेल्या नाटकाची तालीम. चाळीस पुरुषांत तुम्ही एकट्या बाई आणि सगळे तुम्हाला टरकून. मी यायच्या आदल्या वर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत आपला एक जण भर प्रवेशात अडला, नुसता उभा राहिला, आणि शिट्ट्या पडल्या. तेव्हापासून तुम्ही घरून पितळी तांब्या आणि भांडं आणायला लागलात. नाटक कुठलंही असो, तांब्या रंगमंचावर असणारच. वाक्य अडलं की उभं राहायचं नाही, पाणी प्यायचं. पाणी पिणं कुणालाही शोभतं. समोरच्याने ओळखायचं की हा अडला, आणि याचंच वाक्य प्रश्न करून याला विचारायचं. 'घर मी विकलं' असं वाक्य असेल तर, 'म्हणजे घर विकलंत तुम्ही?' अडलेल्याने नुसतं हो म्हटलं तरी गाडी पुढे जाते. एका परीक्षकांनी शेरा मारला होता की न्यायाधीशांच्या टेबलावर तांब्या का? तुम्ही तो कागद कँटीनच्या भिंतीवर चिकटवलात आणि म्हणालात, "न्यायाधीशांना तहान लागत नाही का?"

माझ्या पहिल्या नाटकात मी हवालदार होतो. पाच वाक्यं. शेवटच्या वाक्याआधी मी उगाच पाणी प्यालो. तहान नव्हती, अडलोही नव्हतो, फक्त लोकांनी माझ्याकडे बघावं म्हणून. सावकाश ओतलं, भांडं वर धरलं, गटागटा प्यालो, लोक हसले. पडदा पडल्यावर तुम्ही मला सगळ्यांसमोर उभं केलंत. आवाज चढवला नाहीत, तेच जास्त लागलं. "पाणी फुकट प्यायचं नाही. आज प्यालास ते नाटकीपणा म्हणून. ज्या दिवशी खरंच अडशील ना, त्या दिवशी समोरचा म्हणेल, याची सवय आहे, आणि तो येणार नाही." कान असे तापले की घरी जाईपर्यंत उतरले नाहीत. पण त्यानंतर मी एक घोटही फुकट घेतलेला नाही. लग्नानंतर बायको प्रयोगाला यायची तेव्हा तिला मी हे सांगून ठेवलेलं. ती तिसऱ्या रांगेतून माझे घोट मोजायची आणि घरी आल्यावर वाढता वाढता म्हणायची, "आज दोन झाले हं." त्यावरून मी दुसऱ्या दिवशी पाठांतराला बसायचो.

कारखाना बंद पडला त्या आठवड्यात तुम्ही तांब्या वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिलात. मला एका मालिकेत इन्स्पेक्टरचं काम मिळालं होतं, चार दिवसांचं. तुम्ही म्हणालात, "आता तू सांभाळ हा. माझ्यापेक्षा तुला लागेल." चार दिवसांचे पुढे किती झाले, मी मोजलं नाही. इन्स्पेक्टर झालो, मोठा भाऊ झालो, कंपाउंडर, वकील, मुख्याध्यापक, मग केस पिकले तसा बाप झालो आणि बापच राहिलो. घोडबंदर रोडवरच्या त्या भाड्याच्या बंगल्यांमध्ये मी इतक्या मुलींची लग्नं लावली आहेत की मोजता येणार नाहीत; सोफ्यांची कव्हरं तेवढी बदलतात, जिना तोच. डोंबिवलीच्या भाजीबाजारात लोक थांबवतात. नाव कुणाला येत नाही. परवाच एक बाई म्हणाल्या, "तुम्ही ते ना, ते हार घातलेल्या फोटोतले?" मी म्हटलं, हो, तोच. मला कधी वाईट वाटलं नाही. कुणी ऐनवेळी आजारी पडलं, पानं शूटिंगच्या दिवशी सकाळी आली, कुणी भांडून निघून गेलं की फोन मला यायचा. "काका आहेत ना, मग टेन्शन नाही." भरवशाचा नट. कुणी पुरस्कार दिला नाही, पण हा शब्द सगळ्यांनी दिला, आणि मी त्याच्यावर जगलो. मालिकेत तसं पाठांतर लागतच नाही म्हणा. कॅमेऱ्यामागून एक मुलगी वाक्य वाचते, आपण म्हणायचं. तिथे माणूस कितीही पोकळ झाला तरी वर्षानुवर्षं खपून जाईल. नाटकात मात्र तांब्या असतो.

आता तुमचं शेवटचं वर्ष. ते लिहायलाच बसलोय खरं तर. एका नाटकात तुम्ही माझ्या आईचं काम करत होतात आणि जाहिरातीत पहिल्यांदाच माझं नाव आलं होतं, लहान अक्षरात पण आलं होतं. मी ती जाहिरात कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. गणपतीनंतर तुम्ही पाणी प्यायला लागलात. आधी प्रयोगात एकदा, मग तीनदा, मग दर पानाला. मी विचारायचो, "म्हणजे तू त्याला जाऊ दिलंस, आई?" तुम्ही म्हणायचात, "हो, जाऊ दिलं." लोक टाळ्या वाजवायचे. तुम्ही थांबत थांबत बोलता ते त्यांना फार खरं वाटायचं. एका पेपरात तर तुमच्या थांबण्याचं कौतुक छापून आलं. मध्यंतरात तांब्या रिकामा असायचा, आणि सामानवाल्याच्या लक्षात येऊ नये म्हणून मी स्वतः मागच्या नळावर जाऊन तो भरून आणायचो. दुसऱ्या अंकात तुम्ही तांब्या उचलायचात, तो जड लागायचा, आणि तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघायचात. मग भांड्यात ओतायचात. त्या बघण्याबद्दल आपण कधी बोललो नाही. तुमच्या लक्षात आलं नसेल, असं मी धरून चाललो. मला ते सोयीचं होतं.

विठ्ठलवाडीच्या तुमच्या घरी मी संक्रांतीच्या सुमारास आलो होतो, तुम्हाला प्रयोगाला घेऊन जायला. तो दिवस मला स्वच्छ दिसतो. तुम्ही ओट्याशी उभ्या आहात, पाठमोऱ्या. चहा देता. मी पितो. तुम्ही कप विसळता, पालथा घालता, वळता आणि विचारता, "चहा टाकू ना रे?" मी म्हणतो, टाका. दुसरा चहा पितो. आलं ठेचल्याचा वास अजून हवेत आहे आणि तुम्ही तिसऱ्यांदा विचारता. मी तिसराही घेतो. वर म्हणतो, "बाई, तुमच्या हातचा चहा म्हणजे काय." दुधाचं पातेलं करपून काळं झालेलं मोरीत पडलंय, मला ते दिसतंय, मी त्याच्याकडे पाठ करून बसतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमच्या मुलाचा बदलापूरहून फोन आला. "काका, आई ठीक आहे ना? फोनवर तेच तेच विचारते." मी म्हटलं, "अरे, ठणठणीत आहे. कालच प्रयोग झाला, एक शब्द चुकली नाही. वयाने होतं थोडं." तुम्हाला डॉक्टरकडे न्यायचं तर नाटक थांबणार होतं. थांबलं असतं तर कपाटाच्या दारावरची ती जाहिरात शेवटची ठरली असती. हे मी तेव्हा असं शब्दांत मांडलं नव्हतं. सांभाळून घेतोय, असंच म्हणत होतो, आणि मला त्याचा अभिमान होता.

मे महिन्यात एका सकाळी तुम्ही पर्स आणि वही घेऊन घरातून निघालात. शेजारणीला म्हणालात, तालीम आहे. कारखान्याच्या जागी तोवर काचांची इमारत झाली होती. तिथल्या वॉचमनने मला नंतर सांगितलं, "आजी बारा वाजल्यापासून फुटपाथवर बसलेल्या. मी बोललो, आजी, सावलीत बसा. तर बोलल्या, पहिली पाळी सुटू दे, पोरं येतील. पाणी देत होतो तर घेतलं नाही. बोलल्या, मला नको, मी अडलेली नाही." तो हे सांगत होता तेव्हा त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं. साडेचारला तुम्ही आडव्या झालात, तुम्हाला दवाखान्यात नेलं, आणि चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. तिसऱ्या दिवसाचे विधी झाल्यावर विठ्ठलवाडीच्या त्याच स्वयंपाकघरात तुमच्या मुलाने मला विचारलं, "काका, तुम्ही आठवड्यातून तीन-तीन दिवस तिच्याबरोबर असायचात. तुम्हाला काहीच जाणवलं नाही?" मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, "नाही रे बाळा. शेवटच्या प्रयोगापर्यंत सगळं पाठ होतं." त्याने मान हलवली आणि मलाच धीर दिला. आयुष्यात मी इतकं चांगलं काम पुन्हा केलेलं नाही.

परवाच्या प्रयोगानंतर मी त्या मुलीला थांबवलं. नव्या नाटकात ती माझी मुलगी होते, कल्याणला राहते, सकाळी बँकेत नोकरी करून तालमीला येते. गुणी आहे, तुम्हाला आवडली असती. पहिल्या तालमीलाच मी तिला तांब्याचा नियम शिकवला होता, तुमच्या दटावणीसकट. सगळे बस भरत होते आणि आम्ही विंगेत उभे होतो. मी विचारलं, "पहिल्या अंकात मी पाणी किती वेळा प्यालो?" ती चपलेचा पट्टा लावत राहिली. "काका, जाऊ दे ना." मी म्हटलं, आकडा सांग. "सात," ती म्हणाली. "आणि तू सातही वेळा?" "हो, मग. तुम्ही ब्लँक झालेलात, मी उचललं. ऑडियन्सला काय पण कळलं नाही, प्रॉमिस." मी विचारलं, कुणाला सांगितलंस? तिने एकदम वर बघितलं. "मी कशाला सांगू? रोल काढतील तुमचा. तुम्ही टेन्शन नका घेऊ, मी आहे ना." मी आहे ना, बाई. मी तुम्हाला हेच म्हणायचो, याच विंगांमध्ये, याच आवाजात.

अडलो असतो आणि कळलं असतं तर भीती वाटली नसती. पन्नास वर्षं अडतोय. अडलं की पोटात खड्डा पडतो, तो खड्डा ओळखीचा असतो. इथे खड्डाच नव्हता. हात तेवढा तांब्याकडे जात होता. हाताने तुमचा नियम मोडलेला नाही, फुकट एक घोट घेतलेला नाही. म्हणजे सातही वेळा मी खरोखर अडलो आणि हे माझ्या हाताला माहीत होतं, त्या मुलीला माहीत होतं, मला नव्हतं. घरी आल्यावर मी वही उघडून पहिला अंक स्वतःशी म्हणून बघितला. सगळा आला. मग वाटलं, आला असं मला वाटतंय. वही मिटून ठेवली.

आणि काल जे झालं ते तर मी कुणालाच सांगितलेलं नाही. सकाळी ठाणे स्टेशनला उतरलो, शूटिंगला घोडबंदर रोडला जायचं होतं. रिक्षात बसलो, हातातल्या फोनवर कसलेतरी मेसेज वाचत होतो. रिक्षा खोपटवरून, वागळे इस्टेटच्या रस्त्याने गेली ते मी पाहिलं, एसटी डेपोसमोर सिग्नलला थांबली तेही पाहिलं, आणि त्यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही. रिक्षा थांबली तेव्हा समोर ती काचांची इमारत होती. रिक्षावाला म्हणाला, "हेच ना? तुम्हीच बोललात वागळे, कारखान्याच्या गेटवर सोड. इथे कारखाना नाही राहिला पण आता, अंकल." मी उतरलो नाही, रिक्षाच्या दांडीला धरून बसलो. फुटपाथवर ऊन होतं, आणि तुम्हाला तिथे बसलेलं मी कधी बघितलेलं नसूनही तुमची जागा नेमकी कुठली ते मला ठाऊक होतं. मग मी त्याला घोडबंदर रोडला न्यायला सांगितलं. सेटवर पोहोचायला वीस मिनिटं उशीर झाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. रागवायचं सोडून मला खुर्ची दिली.

म्हणून मी ठरवलंय. रविवारी कल्याणला प्रयोग आहे, त्याच्या आधी निर्मात्याला सांगायचं, माझ्या जागी दुसरा बघा. त्या मुलीला सांगायचं की बाळा, आता उचलू नकोस, अडलो तर अडू दे, लोकांना बघू दे. नाहीतर एक दिवस आमच्या दारात कुणीतरी तिला विचारेल, तुला काहीच जाणवलं नाही? आणि ती चांगली नटी आहे, ती नाही म्हणेल आणि ते तिच्या मागे लागेल. आणि त्या सगळ्यांच्या आधी, आजच, बायकोला सांगायचं आणि डॉक्टरकडे जायचं. हे तुम्हाला लिहून कळवायचं होतं. माफी मागायची होती, ती यात कुठे लिहिली का ते बघायला हवं. मागच्या पानावर असेल.

हे मी दुपारी, जेवण झाल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहितोय. तांब्या परवा घरी घेऊन आलो, नाट्यगृहात त्या माणसाच्या नजरेखाली ठेवायचा धीर झाला नाही. लिहायला बसताना मी तो स्वतः भरून घेतला होता. पक्कं आठवतं, कारण थोडं पाणी टेबलावर सांडलं आणि मी ते पंच्याने पुसलं. वॉचमनचं बोलणं लिहिताना थोडा अडखळलो, तेवढंच. आत्ता सहज तांब्याला हात लावला तर तो हलका लागला. आत बघितलं, कोरडा. बायको ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. ती उठली, माझ्याकडे न बघता तांब्या उचलला, माठातून भरला, होता तिथे आणून ठेवला आणि पुन्हा कोथिंबिरीकडे गेली. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तांब्या भरतो तेव्हा आपण भांड्याचा आवाज होऊ देत नाही, तसा तिनेही होऊ दिला नाही. म्हणजे तिची ही पहिली वेळ नव्हती. किती दिवस भरते आहे, कोण जाणे. घोट मोजणं तिने कधी सोडलेलंच नसणार.

मी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि मग भांड्यात पाणी ओतलं. बाई, तुम्हीही असंच बघायचात. तुमच्या लक्षात आलेलं नाही असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. तुमच्या सगळं लक्षात होतं. तुम्ही एकदा जरी म्हणाला असतात, तांब्या भरू नकोस, तर मी भरला नसता. पण तुम्ही म्हणाला नाहीत, आणि का नाही म्हणालात हे मला आज कळलं. बायको चार हातांवर आहे. एक हाक मारली तर हात पुसून येईल. अजून मारलेली नाही. खरं सांगायचं तर, तांब्या भरलेला बघून मला बरं वाटलं.